जागरण आणि मेंदूचा आलेख

मूल वेळेवर झोपी गेले म्हणजे घराला स्वस्थता लाभते. आजारी मुलाची झोप तर अर्धे औषधच मानली जाते. म्हणूनच, “उद्या मेंदूचा आलेख काढावयाचा आहे, आज रात्री मुलाला फार झोपू देऊ नका,” असे डॉक्टर सांगतात तेव्हा आईवडील गोंधळून जातात. ज्याला फिट येते त्यालाच जागवावयाचे, ही कोणती रीत?

या रीतीमागे शास्त्र आहे. मेंदूच्या पेशींत सूक्ष्म विद्युत्-क्रिया अखंड चालू असते. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील हे तरंग प्रथम नोंदविले आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. परंतु अपस्मार असलेल्या मुलाचा आलेखही दोन झटक्यांच्या मधल्या काळात अगदी निर्दोष दिसू शकतो. दडलेला दोष पुष्कळदा प्रकट होतो तो जागेपणातून झोपेत शिरताना. आणि जागरणाने थकलेल्या मेंदूत तो अधिक सहज दिसतो. म्हणून ही अपुरी झोप.

किती वेळ जागवावयाचे ते वयानुसार डॉक्टर ठरवितात. जाणत्या मुलाला बहुधा मध्यरात्रीपर्यंत जागे ठेवून पहाटे चारच्या सुमारास उठवितात. जागर आपल्या घरांना नवा नाही. मंगळागौर आणि कोजागरी आपण जागूनच साजरी करतो. शहाणी घरे हीच वाट धरतात. पूर्वरात्री वडील पत्ते मांडतात, आजी गोष्ट सांगते, पहाटेची पाळी आई घेते. मात्र चहा-कॉफी वर्ज्य. केस धुऊन कोरडे ठेवावयाचे, तेलाचा थेंबही नको. जागरणाने फिट येण्याचा संभव वाढतो, म्हणून कोणीतरी सतत जवळ हवे. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. नेहमीचे औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये.

खरी कसोटी सकाळच्या प्रवासाची. रिक्षात वारा लागला की मुलाचे डोळे मिटतात, आणि दहा मिनिटांच्या डुलकीने रात्रीचे श्रम वाया जाऊ शकतात. म्हणून बरोबर दोन मोठी माणसे असावीत.

तपासणीत वेदना नाही. डोक्यावर विसेक लहान चकत्या चिकटवितात. त्या मेंदूतील तरंग टिपतात, वीज आत सोडीत नाहीत. मूल दीर्घ श्वास घेते, लुकलुकणारा दिवा पाहते आणि मग झोपते. तान्ह्याचे दूध त्या वेळेसाठी राखून ठेवावे, मोठ्याची आवडती गोधडी बरोबर न्यावी.

तरीही आलेख म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. तो निर्दोष आला म्हणून अपस्मार नाहीच असे ठरत नाही. झटका डोळ्यांनी पाहणाऱ्याची हकीकत डॉक्टरांना तितकीच मोलाची असते. लोक काय म्हणतील या भयाने जे घर ही हकीकत झाकते, ते मुलाच्या उपचाराचीच वाट अडविते. शेजारीण धाकट्याला सांभाळील, मामा पहाटे सोबतीला येईल. परंतु त्यासाठी आधी त्यांना सांगितले पाहिजे.

तपासणी संपली, की केसांतला चिकटा कोमट पाण्याने धुवावा, आणि मुलाला पोटभर झोपू द्यावे. त्याच्याबरोबर आईनेही.