यंत्राची कीर्द आणि तिची खतावणी



आज ज्या वहीविषयीं मला बोलावयाचें आहे ती आपणांपैकीं बहुतेकांनीं कधीं पाहिली नसेल. परंतु तिच्यांत आपणां सर्वांची नोंद आहे, आणि ती रोज होत आहे. घरबसल्या आपण सातबाराचा उतारा पाहतां, मुलाचा निकाल काढतां, आगगाडीचें तिकीट घेतां, तेव्हां आपली मागणी कोठल्या तरी दूरच्या संगणकापाशीं जाऊन पोंचते. मागितलेलें पान देणें हें त्या संगणकाचें काम. त्याला सर्व्हर म्हणतात. पान देतांना तो आणखी एक काम न चुकतां करतो. आपल्या वहींत तो एक ओळ लिहितो. या वहीला लॉग फाइल असें नांव आहे. जिनिंगच्या काट्यावर जशी प्रत्येक गाडीची वेळ, नंबर आणि वजन लिहून घेतात, मग ती गाडी भरलेली असो कीं रिकामी परत चाललेली असो, तसाच हा प्रकार. जुन्या व्यापारी भाषेंत बोलावयाचें तर ही यंत्राची कीर्द होय.

ती ओळ कशी असते तें उदाहरणानें सांगतों. दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजीं दुपारीं एक वाजतां लागला. समजा, त्या वेळीं एका मुलीनें निकालाचें पान मागितलें. वहींत प्रथम तिच्या जोडणीचा अंकी पत्ता येईल, २०३.०.११३.४५ असा कांहीं तरी. त्यापुढें चौकटी कंसांत तारीख, तास, मिनिट, सेकंद, आणि शेवटीं अधिक ०५३०, म्हणजे ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास असलेली आपली भारतीय वेळ. त्यानंतर कोणतें पान मागितलें तें. त्यानंतर सर्व्हरनें दिलेलें तीन आंकडी उत्तर. मग किती बाइट मजकूर पाठविला तें; आणि सर्वांत शेवटीं, ती कोणत्या पानावरून येथें आली व तिच्याकडे कोणत्या जातीचा ब्राउझर होता, याची नोंद.

तीन आंकडी उत्तर हा या ओळीचा प्राण. २०० म्हणजे मागितलें तें मिळालें. ३०१ म्हणजे पान कायमचें दुसरीकडे हलविलें आहे, तिकडे जा. ४०३ म्हणजे मनाई. ४०४ म्हणजे असें पान येथें नाहीं. ५०० म्हणजे सर्व्हरच्याच कारभारांत बिघाड. आणि ५०३ म्हणजे सध्यां सवड नाहीं, मागाहून या. पंधरा लाखांवर मुलांचा निकाल एका ठोक्याला लागतो, तेव्हां हें शेवटचें उत्तर कोणास व किती वेळां दिलें गेलें, हें कोणाच्या तोंडच्या बोलण्यावरून ठरत नाहीं. त्यासाठीं ओळीच मोजाव्या लागतात.

असे सर्व्हर पुष्कळ अंशीं लिनक्स या प्रणालीवर चालतात. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला, व ती जगास मोफत खुली केली. तीवर पान वाढण्याचें काम करणारे अपाचे आणि एन्जिनएक्स हे दोन कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. दोघेही आपली वही बहुधा 'व्हार' नांवाच्या कप्प्यांतील 'लॉग' या कप्प्यांत ठेवतात. वही साध्या मजकुराची असते, ती वाचण्यास विकतचें कांहीं लागत नाहीं, हें मला विशेष आवडतें.

परंतु कीर्द लिहिली म्हणजे हिशेब झाला, असें कोणताही व्यापारी म्हणणार नाहीं. खतावणी झाली पाहिजे. लिनक्समध्यें खतावणीचीं हत्यारें लहान लहान आहेत आणि एकेक हत्यार एकेकच काम करतें. 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडून देतें. 'ऑक' ओळींतील हवा तो रकाना काढून देतें. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याचें हें नांव पडलें, आणि तें १९७७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झालें. 'सॉर्ट' क्रम लावतें. 'युनिक' सारख्या ओळी एकत्र करून, सांगितल्यास, त्यांची संख्याही देतें. यांना 'पाइप' नांवाच्या उभ्या रेघेनें जोडावयाचें, म्हणजे पाटाचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत जावें तसा एकाचा निकाल दुसऱ्याच्या हातीं जातो. पत्त्यांचा रकाना काढा, क्रम लावा, मोजा, पुन्हां संख्येच्या उतरत्या क्रमानें लावा, आणि वरच्या दहा ओळी पाहा. सर्वांत अधिक वेळां कोणत्या पत्त्यावरून मागणी आली, तें एका दमांत कळतें. येथें शिकणाऱ्यास एक ठेच हमखास लागते. युनिक हें फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखतें. उत्तरपत्रिकांचा ढीग शाळेवार लावल्यावांचून कोणत्या शाळेच्या किती, हें जसें मोजतां येत नाहीं, तसें क्रम लावल्यावांचून युनिकला मोजतां येत नाहीं. ढिगावर किती वर्षें बसलों, त्यामुळें हें मला चटकन् पटलें!

माझा एक जुना विद्यार्थी आपल्या जिल्ह्यांतील एका वाचनालयाचें संकेतस्थळ सांभाळतो. त्याच्या शेजारीं बसून मीं ही वही वाचण्यास शिकलों. वाचनालयाच्या मंडळींना मोठा हर्ष झाला होता, कीं आपल्या संकेतस्थळास रोज शेंकडों भेटी होतात. आम्हीं खतावणी मांडली तेव्हां दिसलें कीं, त्यांतील बहुतेक भेटी माणसांच्या नव्हत्याच. कांहीं गूगलसारख्या शोधयंत्रांचे दूत होते. ते पानें वाचून आपली सूची तयार करतात, त्यांत वावगें कांहीं नाहीं. कांहीं मात्र रात्रीं दोन-तीनच्या सुमारास येऊन वर्डप्रेस या कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाचें दार मागत होते. आमच्या संकेतस्थळावर वर्डप्रेस नाहींच. तेव्हां उत्तर दर खेपेस ४०४. हे आंधळेपणानें घरोघर कडी वाजवीत जाणारे चोर. जगांतील प्रत्येक सर्व्हरच्या दारावर ते येतात, आणि त्यांना पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. अशा दाराच्या मागणीला एके दिवशीं ४०४ च्या जागीं २०० उत्तर गेलेलें दिसलें, तर मात्र हातांतील चहा खालीं ठेवावा.

हा सर्व गाळ बाजूस काढल्यावर जे थोडे खरे वाचक उरले, त्यांत आम्हांस एक निराळीच गोष्ट दिसली. स्पर्धापरीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचें पान रोज संध्याकाळनंतर मागितलें जात होतें, आणि उत्तर ४०४ होतें. पान दुसऱ्या कप्प्यांत हलविलें होतें, आणि जुन्या पत्त्यावर पुढची वाट दाखविणारी ३०१ ची पाटी लावण्याचें राहून गेलें होतें. तीन आठवडे कोणी तरी मुलें दिवसभराचें काम आटोपून येत होतीं व हात हलवीत परत जात होतीं. एकाही मुलानें तक्रार केली नव्हती. तक्रार कोणाकडे करावयाची, हें त्यांस ठाऊक असणेंही कठीण. पाटी लावण्यास दोन मिनिटें लागलीं.

आतां आपल्याच जिल्ह्यांतील एक गंभीर प्रकरण. आर्णी तालुक्यांतील शेंदुरसनी हें दीड हजारांच्या आसपास वस्तीचें गांव. सन २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत, जन्ममृत्युनोंदणीच्या सरकारी संगणकप्रणालींत, या ग्रामपंचायतीच्या नांवावर सत्तावीस हजारांहून अधिक जन्म नोंदले गेल्याचें उघडकीस आलें. गुन्हा दाखल होऊन तपास सुरू झाला. जन्माची नोंदवही आणि सर्व्हरची कीर्द या दोन निराळ्या वह्या आहेत. एकींत बालकाचें नांव असतें. दुसरींत तें नांव कोणत्या खात्यानें, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजतां आंत घातलें तें असतें. पहिली खोटी लिहितां येते, म्हणूनच दुसरी जपावी लागते. सत्तावीस हजारांचा आंकडा ऐकून कोणीही दचकेल. परंतु रोजची बेरीज मांडून ठेवणारा माणूस पहिल्या शंभरालाच दचकला असता. गांवाचा सामान्य महिना कसा असतो हें ज्यानें लिहून ठेवलें नाहीं, त्यास असामान्य महिना ओळखावयाचा कसा?

मात्र वहींतील पत्ता म्हणजे मनुष्य नव्हे, हें तितक्याच आग्रहानें सांगितलें पाहिजे. मोबाइल कंपन्या एकाच अंकी पत्त्यामागें अनेक ग्राहकांना बसवितात. कोणी दुसऱ्याच देशांतील यंत्राआडून येतो. कोणाचा सांकेतिक शब्द चोरीस गेलेला असतो. ज्याच्या नांवावर नोंद, तोच गुन्हेगार, अशी उडी घेणारा खतावणी करीत नाहीं, केवळ बोट दाखवितो.

वही सांभाळण्याचें शास्त्रही थोडें आहे. ती सारखी वाढत जाते, आणि एक दिवस सर्व्हरची सारी जागा व्यापून त्याला बंद पाडते. म्हणून लिनक्समध्यें 'लॉगरोटेट' नांवाचा कारकून असतो. तो ठरल्या दिवशीं जुनी वही बांधून ठेवतो आणि कोरी पुढें करतो. जुनी वही दाबून ठेवली कीं पुष्कळच लहान होते, कारण ओळी एकमेकींसारख्याच असतात. जागा भरली म्हणून चालू वही घाईनें पुसून टाकण्यांत अर्थ नाहीं. सर्व्हरनें ती उघडी धरलेली असते, त्यामुळें नांव नाहींसें होतें, पण जागा कांहीं सुटत नाहीं. सर्व्हरला नवी वही उघडावयास सांगावें लागतें.

किती वह्या ठेवाव्या? उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तींत अपाचेसाठीं मूळ तजवीज रोज एक वही बदलून चौदा वह्या ठेवण्याची असते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशाप्रमाणें तर अशा नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवावयाच्या आहेत. तेव्हां ज्यानें मूळ तजवीज तशीच राहूं दिली, त्याच्याकडे चौकशीच्या दिवशीं साडेपांच महिने कमी भरतील. त्याच आदेशांत घड्याळें सरकारी वेळेशीं जुळवून ठेवण्यासही सांगितलें आहे. दोन यंत्रांच्या वेळेंत चार मिनिटांचा फरक असला, तर आधीं कोण व मागून कोण, हेंच ठरत नाहीं.

वहीची एक प्रत निराळ्या यंत्रावर त्याच क्षणीं जाईल, अशीही व्यवस्था हवी, कारण आंत शिरलेला चोर प्रथम आपलीच ओळ पुसतो. आमच्या शाळांतील दाखल-खारीज रजिस्टरांत जन्मतारखेवर पांढरा रंग फासतां येत नसे. दुरुस्ती तांबड्या शाईनें आणि सहीनिशीं होई. यंत्राच्या वहीला तांबडी शाई नाहीं, म्हणून दुसरी प्रत. आणि ती प्रत ज्याला त्याला दाखवूं नये. कोणत्या जोडणीवरून कोणत्या रोगाची माहिती मागितली गेली, हेंही तिच्यांत असतें. ढिसाळ रीतीनें रचलेल्या पानांत तर मोबाइलचा नंबरही मागणीच्या ओळींत उमटतो. मुदत संपली कीं ती नष्ट करावी.

आमचा विद्यार्थी आतां दर सोमवारीं सकाळीं ४०४ च्या ओळींची खतावणी काढतो आणि ओळखीच्या चोरांना वगळतो. गेल्या सोमवारीं चारच ओळी उरल्या. तीन यंत्रांच्या होत्या. चौथी, कोणी तरी रात्रीं पावणेबारा वाजतां जुन्या दिवाळी अंकांची यादी मागितल्याची. ती यादी पूर्वींच्या संकेतस्थळावर होती. नवें करतांना राहून गेली होती. वाचनालयाच्या कपाटांत तिचा कागद सांपडला, आणि दुपारपर्यंत त्यानें तें पान पुन्हां चढविलें.