शेवटच्या रकान्याकडे लक्ष द्या



 नव्या लेझरवर, नव्या भिंगांवर परिषदेच्या पुढच्या सत्रांत चर्चा होईलच. मी बोलणार आहे चष्म्याच्या चिठ्ठीवरच्या शेवटच्या रकान्याबद्दल, म्हणजे ॲक्सिसबद्दल.

दृष्टिवैषम्य, पेशंटच्या तोंडी ‘सिलिंडरचा नंबर’, हा बहुतेकदा कॉर्नियाचा दोष. त्याचा बाक सगळीकडे सारखा नसतो. एका दिशेला जास्त, तिला काटकोनात कमी, पळीच्या पाठीसारखा. मग किरण एका बिंदूत जुळत नाहीत. वेगवेगळ्या अंतरांवर त्यांच्या दोन रेषा होतात. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात, वाचून कपाळ दुखते, माणूस डोळे बारीक करून पाहू लागतो.

हा दोष प्रथम ओळखला तो ज्यांच्या डोळ्यांत होता त्यांनीच. १८०१ मध्ये थॉमस यंग यांनी स्वतःच्या डोळ्यातले वैषम्य मोजले. डोळा पाण्यात धरून कॉर्नियाचा प्रभाव पुसला, तरी दोष उरला. म्हणजे तो आतल्या भिंगाचा, हे त्यांनी ताडले. १८२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी आपल्या डाव्या डोळ्याला प्रकाशाचा ठिपका कोणत्या अंतरावर, कोणत्या दिशेच्या रेघेसारखा दिसतो हे मोजले आणि त्यावरून दंडगोल भिंग घडवून घेतले. शक्तीइतकीच दिशाही त्यांनी नेमकी टिपली होती.

आपण नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट आणि चष्मे घडवणारे मात्र दिशेबाबत सैल आहोत. ॲक्सिस १० अंशांनी चुकला, तर मूळ सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो. ३० अंशांनी चुकला, तर दोष होता तेवढाच उरतो, फक्त दिशा बदलते. मोतीबिंदू काढून बसवलेले टोरिक भिंग फिरले तरी हेच गणित. मुलाच्या चष्म्याची काडी वाकली तरी हेच.

एअरी मोजमाप करू शकले. सहा वर्षांचे पोर काय सांगणार? सगळ्यांना जग असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. आपल्या लिपीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक दाखवणारी एक मोठी खूण म्हणजे शिरोरेषेतली फट. प्रतिमा आडवी पसरली, तर ती फट बुजू शकते. पोर अडखळते आणि घरी ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढेच ठरते. मोठा दोष लहानपणी दुरुस्त झाला नाही, तर मेंदू त्या दिशेच्या रेघा बारकाईने पाहायला शिकतच नाही. पुढे अचूक चष्मा लावूनही ती उणीव पूर्ण भरून निघेलच असे नाही.

म्हणून तीन आग्रह. मुलांची तपासणी बाहुली विस्फारून करा. डोळे सतत चोळणाऱ्या आणि सिलिंडर वाढत जाणाऱ्या मुलामध्ये केराटोकोनस आहे का, हे पाहा. आणि चष्मा हातात देताना ॲक्सिस लेन्समीटरवर पडताळा. फ्रेम चेहऱ्यावर सरळ बसली का, तेही बघा.

‘घ-ध’, ‘भ-म’ अशा फसव्या अक्षरजोड्यांचा एक देवनागरी वाचनतक्ता आपण मिळून तयार करावा आणि तो शाळांत वापरून तपासून पाहावा, असा ठराव मी समारोपाच्या सत्रात मांडणार आहे. त्याला नुसत्या टाळ्या नकोत. त्यातल्या त्रुटी शोधून या, मग मंजूर करा.