क्वाड बाइक आणि गिधाडांचा कडा

मी यशवंतपूरहून बोलतोय. बंगळुरूबाहेरच्या श्रोत्यांना हे नाव माहीत असेल ते रेल्वे स्टेशनमुळे. व्यापारात असाल तर इथल्या मार्केट यार्डामुळे. नाशिक-सोलापूरकडचा कांदा इथे उतरतो. पहाटे यार्डाच्या फाटकापाशी जरा थांबलात तर अस्सल मराठी शिवी हमखास कानावर पडते आणि घरी आल्यासारखं वाटतं. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरी सगळी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. म्हणजे फौजेची रसद आणि वाहतूक: ट्रक, जीप, आणि डोंगरात जिथे चाक जात नाही तिथे खेचरं. निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालो.

या पार्श्वभूमीमुळे ओळखीचे लोक मला एक प्रश्न वारंवार विचारतात. पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून पाहुणे आलेत, मुलांना क्वाड बाइकवर बसायचंय, त्याच सहलीत थोडं जंगल, एखादा प्राणी-पक्षी बघायचाय. न्यावं का? कुठे न्यावं? बंगळुरूच्या आसपास, नंदी हिल्सच्या बाजूला आणि मैसूर रस्त्यावर, असे दिवसभराचे कार्यक्रम करणारे बरेच आहेत. आज त्यावरच बोलतो.

आधी गाडी समजून घेऊ. क्वाड बाइक, म्हणजेच एटीव्ही, दिसायला खेळणं वाटते. चार जाड चाकं, म्हणून माणसाला वाटतं की ही काही पडायची नाही. अमेरिकेत १९७० मध्ये होंडाने तीनचाकी आणली, ती इतकी उलटायला लागली की १९८८ मध्ये उत्पादकांनी सरकारशी करार करून तिची विक्री थांबवली. सुझुकीची चारचाकी १९८२ मध्येच आलेली होती, तीच पुढे रूढ झाली. पण चारचाकीही उलटते. ऑस्ट्रेलियात शेतांवर इतकी माणसं तिच्याखाली सापडली की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे कामाच्या नव्या क्वाडला चालकाला वाचवणारी मजबूत चौकट असल्याशिवाय ती विकता येत नाही. प्रौढांच्या क्वाडचं वजन दोनशे-तीनशे किलो असतं. ती अंगावर आली तर एकट्या माणसाला बाजूला करता येत नाही.

आता ती उलटते का, ते सांगतो. बऱ्याच क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच आसावर, एकाच वेगाने फिरतात. कारमध्ये वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, ही सोय इथे नसते. त्यामुळे तुम्ही हँडल वळवता आणि गाडी सरळ जाऊ पाहते. घाबरून माणूस अजून वळवतो, ती एकदम वळते, आणि बसलेला बाहेर फेकला जातो. उपाय अंगाचा आहे. धड वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं आणि भार बाहेरच्या पायावर ठेवायचा. चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे सरकायचं. वेग उजव्या हाताच्या अंगठ्याने द्यायचा असतो, आणि नवखा माणूस दचकला की मूठ आवळतो, अंगठाही दाबला जातो. ज्यांनी आयुष्यभर स्कूटर चालवली ते हमखास एक गोष्ट करतात: गाडी कलली की पाय जमिनीवर टेकवतात. क्वाडवर पाय खाली टेकला की मागचं चाक त्याच्यावरून जातं. पाय पायठाणावरच राहिला पाहिजे, काहीही झालं तरी.

खेचराशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. दरीच्या कडेला वाट ढासळलेली असली की खेचर थांबतं. तुम्ही ओढा, ओरडा, ते पाऊल टाकत नाही, आणि दहातल्या नऊ वेळा त्याचंच बरोबर असतं. क्वाडला ही अक्कल नाही. फौज लडाखमध्ये, कच्छच्या रणात या गाड्या वापरते, पण तिथे चालवणारा शिकलेला असतो आणि वाट आधी पाहिलेली असते.

टायरमध्ये हवा फार कमी असते. कारला तीस-बत्तीस पीएसआय, तर हिला चार ते सात. म्हणून ती वाळूत, चिखलात, दगडांवर चालते. आणि म्हणूनच ती डांबरी रस्त्यासाठी नाही. आपल्याकडे क्वाड साधारणपणे फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी विकल्या जातात, त्यांना नंबर प्लेट नसते. याचा सरळ अर्थ असा की ती कुणाच्या तरी खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनेच चालली पाहिजे. गावाचा रस्ता नाही, गायरान नाही, आणि जंगल तर नाहीच नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक, जावई, तेरा वर्षांची नात आणि जावयांचा धाकटा भाऊ असे सगळे पुण्याहून आले होते. त्यांनी येण्याआधीच रामनगरच्या बाजूचा दिवसभराचा कार्यक्रम ठरवला होता: सकाळी क्वाड, मग ‘वाइल्डलाइफ पॉइंट’, मग जेवण. मी आधी फोन केला. जमीन कुणाची, हेल्मेट हनुवटीखाली बांधता येणारं आहे का, पुढे कोण चालतं, मागे कोण, आणि तेरा वर्षांच्या मुलीला काय देणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं, “सर, मोठ्या गाडीवर मागे बसवू.” ते मी नाकारलं. नव्वद सीसीच्या वरच्या क्वाडवर सोळा वर्षांखालच्या मुलांनी बसू नये, ही ताकीद गाडीवरच चिकटवलेली असते. शिवाय बहुतेक क्वाड एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात. मागे माणूस बसला की मघाशी सांगितलेलं अंग झुकवणं जमत नाही, तोल मागे जातो. त्यांच्याकडे मुलांची छोटी गाडी होती, तीच घ्यायचं ठरलं.

सकाळी सहाला निघालो. यशवंतपूरपासून रामनगर ५०-५५ किलोमीटर. वाटेत बिडदीला थट्टे इडली खाल्ली. ताटासारखी पसरट इडली, वर लोणी. नात गाल फुगवून बसली होती, कारण आईबाबांना मोठी गाडी आणि तिला कुंपणातली छोटी. “आबा, तुम्ही फौजी आहात आणि एवढे घाबरता?” असंही ऐकवून झालं. मी म्हटलं, इडली खा.

मळ्यावरचे दोन तास छान गेले. नांगरलेली जमीन, एक कोरडा ओढा, आंब्याची बाग. जावई पहिल्या वळणावर पाय टेकवायला निघाले, तेव्हा पुढच्या पोराने कन्नडमध्ये अशी आरोळी ठोकली की भाषा न कळताही पाय वर गेला. तो पोरगा बावीस-तेवीसचा, जवळच्याच गावचा, गाडीवर हात बसलेला. मला आवडला. आणि खरा प्रश्न त्यानेच उभा केला.

साडेनऊच्या सुमारास तो म्हणाला, “सर, आता वाइल्डलाइफ पॉइंट. डोंगराच्या मागच्या अंगाने क्वाडवरच जाऊ. दहा मिनिटं लागतात. गेटला तिकीट नको, पायऱ्या नकोत. गिधाडाच्या कड्यासमोरच निघतो. ड्रोनपण आहे.” मी विचारलं, “ती जमीन कुणाची?” तो हसला, “सगळ्यांची.”

आता हा डोंगर कुठला ते सांगतो. रामदेवर बेट्टा. बेट्टा म्हणजे कन्नडमध्ये डोंगर. ‘शोले’ १९७५ मध्ये आला, त्यातले ते उभे गोल काळपट खडक तुम्ही पाहिलेत, ते याच भागातले. गब्बर सगळ्यांना आठवतो, त्या कड्यांच्या कपारीत राहणारा पक्षी कुणाला आठवत नाही. लांब चोचीचं गिधाड इथे घरटं करतं. २०१२ मध्ये सरकारने सुमारे ३४६ हेक्टर क्षेत्र गिधाडांचं अभयारण्य म्हणून जाहीर केलं. बिबट्या, अस्वल यांचाही हा मुलूख आहे. पण गिधाडं बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

का उरली नाहीत, हे आपल्या शेतकरी श्रोत्यांनी नीट ऐकावं. गुरांना दुखण्या-सुजण्यावर डायक्लोफिनॅक देत. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्के कमी झाली, आणि पांढऱ्या पाठीची ९९ टक्क्यांहून जास्त. कारण २००४ मध्ये सापडलं, २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध आहे, बाजारात मिळतं. तुमच्या गोठ्यात डॉक्टर आले की हे नाव घ्या.

आणि हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो. घरटी साधारण नोव्हेंबर ते मार्च. आम्ही गेलो नोव्हेंबरमध्ये. ज्या कड्यावर मोजकी जोडपी उरली आहेत, त्याच्या तोंडासमोर पाच क्वाडची इंजिनं आणि वर ड्रोन. एका जोडप्याने घरटं सोडलं तर त्या कड्याचं ते वर्ष गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे, तीत पक्ष्याची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं हेही येतं. हातात बंदूक लागत नाही.

शिकार आणि आडवाट म्हटलं की या मुलखात मराठी माणसाला शहाजीराजे आठवतात. बंगळुरूची जहागीर १६३८ पासून त्यांची. जानेवारी १६६४ मध्ये दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले. समाधी तिथेच, चन्नगिरी तालुक्यात आहे. जन्मभर घोड्यावर बसलेला माणूस. घोड्याचा पाय वेलीत अडकला असं सांगतात. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर थांबा.

असो. मी पोराला सांगितलं, क्वाड मळ्यावरच राहतील, आपण कारने गेटवर जाऊ, तिकीट काढू, पायी चढू. जावयांचा भाऊ वैतागला. “काका, पैसे भरलेत हो आपण. सगळेच जातात तिकडून.” त्याचं चूक होतं असं नाही, पैसे भरलेच होते, आणि सगळेच जात असतीलही. लेक मध्ये पडली, म्हणाली, आबांनी आज गाडी चालवली नाही, निदान डोंगर तरी त्यांच्या पद्धतीने होऊ दे. अर्धा तास त्यात गेला. पोरगा मात्र रागावला नाही, आमच्याबरोबर कारमध्येच बसला.

चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वर रामाचं देऊळ. दम लागतो. वाटेत पोरगा बोलायला लागला. त्याचे आजोबा सांगायचे, मेलेला बैल माळावर टाकला की अर्ध्या तासात नुसता सांगाडा उरायचा, आणि डोंगरावर आभाळ काळं व्हायचं. त्याने स्वतः एकावेळी चारपेक्षा जास्त गिधाडं कधी पाहिलेली नाहीत. आता मेलेल्या जनावरांवर कुत्री असतात, म्हणाला, रात्री मळ्यावर एकट्याने फिरवत नाही.

आम्ही पन्नासेक मिनिटं बसलो. आधी पिवळ्या तोंडाचं पांढरं गिधाड दिसलं, ते लहान असतं. मग समोरच्या कड्यावर, पांढऱ्या विष्ठेच्या पट्ट्याशेजारी, नातीने दुर्बिणीतून एक मोठा तपकिरी पक्षी शोधला. मान उघडी, चोच लांब. बसून होता, बाकी काही करत नव्हता. नातीने पाच मिनिटं दुर्बीण कुणाला दिली नाही. जावयांचा भाऊ म्हणाला, “एवढंच?” असू दे, प्रत्येकाला आवडलंच पाहिजे असं नाही.

तेवढ्यात डोंगराच्या मागून इंजिनांचा आवाज वर आला. तीन-चार गाड्या असाव्यात. पक्षी उठला, कड्याच्या कडेने घसरत गेला, पंख पसरले आणि पलीकडे दिसेनासा झाला. आम्ही होतो तोवर परत आला नाही. आवाजामुळेच उठला असं मी शपथेवर सांगणार नाही. अकरा वाजले होते, खडक तापला की गरम हवेवर गिधाडं तशीही उडतात. पोरगा खाली वाकून बघत होता. म्हणाला, “आमच्या नाहीत, सर.”

तुम्ही जाणार असाल तर क्वाड सकाळी लवकर उरकून घ्या, थंडी असते आणि धूळ दबलेली असते. डोंगरावर दहाच्या सुमारास पोचा. जाण्याआधी वनखात्याकडे प्रवेश चालू आहे का याची चौकशी करा. दुर्बीण न्या, पाणी न्या, खाण्याच्या पिशव्या नेऊ नका, वरची माकडं हिसकावतात. पायात बांधायचे बूट हवेत, चपलेने क्वाडही होत नाही आणि पायऱ्याही. आणि ठरवताना फोनवर एक नक्की विचारा, वाइल्डलाइफ पॉइंटला आपण कशाने जाणार.

पुढच्या भागात खेचरांवर बोलणार आहे.