रोप उभे कशावर राहते?



शास्त्रातील एखादा विषय सोपा करून सांगावा, अशी आपण मला आज्ञा केलीत. मोठमोठ्या शोधांविषयी बोलण्यापेक्षा मी माझी एक फजितीच सांगतो. शास्त्र तिच्यातच आहे.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या बागेत सातवीच्या मुलामुलींनी टोमॅटोची रोपे लावली होती. ती लवकर वाढावीत या हौसेने मी प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी मूठभर मिश्रखत टाकावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. एका मुलीने माती चिमटीत धरून दाखविली व विचारले, "सर, ओल तर आहे, मग ही सुकली कशाने?" मी म्हणालो, "ऊन लागले असेल." दोन पदव्या गाठीशी असलेल्या माणसाचे हे उत्तर!

त्या संध्याकाळी अम्मांनी कोशिंबिरीसाठी काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले होते. करकरीत फोडी लुळ्या पडल्या होत्या आणि ताटात पाणी साचले होते. बागेत काय घडले, ते तेव्हा ध्यानात आले.

आपल्याला हाडे आहेत. कोवळ्या रोपाला ती नाहीत. त्याला मुख्यतः पाणीच उभे ठेवते. वाढ झालेल्या वनस्पतिपेशीत रसाने भरलेली एक मोठी पिशवी असते आणि पेशीतील बहुतेक जागा तीच व्यापते. रसात क्षार व साखर विरघळलेली असतात. त्यामुळे बाहेरचे पाणी पातळ पडद्यातून आत ओढले जाते. यास परासरण म्हणतात. पेशी फुगू लागते; पण पडद्याच्या बाहेर सेल्युलोजच्या धाग्यांची चिवट भिंत असते, ती तिला हद्दीबाहेर फुगू देत नाही. आतून रेटा, बाहेरून आवर! सायकलची ट्यूब आणि टायर यांचे जमते तसेच. पानाच्या पेशीतला हा दाब कित्येकदा बाहेरच्या हवेच्या दाबाच्या पाचपट भरतो. मोटारीच्या चाकात तो साधारण दुप्पट भरतात. मलूल कोथिंबिरीचे देठ पाण्यात ठेवले की जुडी पुन्हा टवटवीत होते, ती याच जोरावर.

मात्र बाहेरचे पाणी आतल्या रसाहून अधिक खारे झाले की ओढ उलटते. माझ्या मूठमूठ खताने मुळांभोवती असेच पाणी झाले होते. माती ओली होती, पण ती ओल रोपाच्या उपयोगाची राहिली नव्हती.

सकाळी शाळेत जाऊन आम्ही खत खरवडून काढले आणि भरपूर पाणी देऊन उरलेले खाली झिरपू दिले. मग लाल कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यावर मिठाचे पाणी सोडले. रंगीत रस आकसून भिंतीपासून सुटत गेला. भिंती जागच्या जागी राहिल्या. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात ज्या कोठड्या पाहिल्या, त्यांत तर रसही नव्हता. मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती पाहून त्याने त्यांना कोठडीचे नाव दिले.

आता आपण विचाराल, मग चिंचेचा एवढा बुंधा काय पाण्यावर उभा आहे? नाही. तेथे भिंती जाड होतात, त्यांत लिग्निन नावाचे द्रव्य भरते आणि लाकडातील बहुतेक पेशी मरून जातात. भार भिंतीच पेलतात. पेरू खाताना दाताखाली कचकचतात त्या अशाच कठीण भिंतींच्या पेशी. अंबाडीचा दोर वळतात तोही अशा लांबट पेशींच्या जुड्यांचा. तुळस असो वा सब्जा, दोहोंचा कोवळा दांडा चौकोनी असतो. त्याच्या कोपऱ्यांत जाड भिंतींच्या, पण जिवंत पेशी असतात. त्या आधारही देतात आणि दांड्याबरोबर वाढतातही. मला विचाराल तर सागवानापेक्षा ही व्यवस्था अधिक चतुर आहे.

आमच्या बागेतली काही रोपे संध्याकाळपर्यंत सावरली. ज्यांची मुळेच जळाली होती, ती उठली नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या मुलीची सारी ओळ त्यांत गेली. वर्गात मी सांगितले की, दोष उन्हाचा नव्हता, माझा होता. तिला नवी रोपे दिली. त्या खेपेस तिने चिमूटचिमूट खत बुंध्यापासून चार बोटे दूर घातले, आणि डब्यात मला हात काही घालू दिला नाही.