खांबामागची जागा



जालन्याच्या या मेळाव्यात जमलेले आपण बहुतेक जण क्रीडाशिक्षक आहोत. कबड्डी आणि खो-खोची पंचगिरी करता करता रग्बीकडे आलो. आपली नजर चुन्याच्या रेषेवर घडली आहे. निदानरेषा ओलांडली की नाही, हे धुळीतही आपल्याला अचूक दिसते. टच लाइनवर ही नजर उपयोगी पडते. गोलवर किक निघाली की मात्र निर्णयाची रेषा हवेत जाते. आज मी त्या दोन-तीन सेकंदांबद्दलच बोलणार आहे.

नियम थोडक्यात आहे. किकच्या वेळी दोन्ही सहायक पंचांनी गोलखांबांशी किंवा त्यांच्या मागे उभे राहायचे आणि गोल झाला तर झेंडा उंचावायचा. खांबांमधले अंतर ५.६ मीटर, आडवा दांडा जमिनीपासून ३ मीटरवर. खांबांची उंची मात्र किमान ३.४ मीटर असली तरी नियमात बसते. म्हणजे दांड्यावर जेमतेम हातभर खांब! अशा मैदानावर बरी किक खांबाच्या टोकावरूनच जाते आणि खांब आकाशात आणखी उंच असता तर चेंडू आतून गेला असता की बाहेरून, हे पंचाला ठरवावे लागते. मोठ्या स्टेडियमचे उंच खांब पंचाला मदत करतात. जिल्ह्याच्या मैदानावर तो आधार नसतो. म्हणून उभे राहण्याची जागा आपल्यासाठी स्टेडियममधल्या पंचांपेक्षा जास्त महत्त्वाची.

गवंडी ओळंबा लावून भिंत पाहतो, तसे खांबाच्या अगदी मागे उभे राहून खांबालगत वर पाहावे. पाऊलभर बाजूला सरकलात तरी उंचावरचा चेंडू फसवतो. कडेच्या तिरक्या किकला तर विशेष जपावे. जवळच्या खांबाच्या बाहेरून गेलेला चेंडू गोलरेषा ओलांडल्यावर आत वळलेला दिसतो आणि प्रेक्षक ओरडतात. चेंडू गोलरेषेच्या वर असताना कुठे होता, एवढेच पाहायचे. खांबाला किंवा दांड्याला लागून तो पलीकडे गेला तरी गोल. दांड्यावरून गेल्यावर वाऱ्याने परत आणला तरीही गोलच.

ज्याच्या खांबाजवळून चेंडू गेला, त्याने आधी ठरवावे. दुसऱ्याने त्याच्याकडे पाहावे, मग दोन्ही झेंडे एकदम, हात सरळ ठेवून वर जावेत. एक झेंडा वर आणि दुसरा घुटमळतो आहे, हे दृश्य मला फार खटकते. त्या क्षणी मुलांचा आपल्यावरचा विश्वास जातो, आणि तो पुढच्या शिट्टीने परत येत नाही. एकमत झाले नाही तर निर्णय मुख्य पंचाचा. तोवर झेंडे खालीच. घाईने वर गेलेला झेंडा खाली घेणे फार जड जाते.

पेनल्टी चुकली तर चेंडू जिवंत असू शकतो, म्हणून तिथे निकाल देताच टच लाइनकडे पळायचे. कन्व्हर्जननंतर तेवढी घाई नसते.

आपल्याकडे मुले-मुली मुख्यतः सेव्हन्स खेळतात, आणि तिथे हे सारे आणखी अवघड होते. किक टप्पा देऊन मारायची, तीही ट्रायनंतर ३० सेकंदांच्या आत. चेंडू बुटका उडतो, त्यामुळे दांड्यावरही लक्ष ठेवावे लागते, आणि खांबामागे पोहोचायला वेळ उरत नाही. गोलक्षेत्रासाठी वेगळे पंच नेमण्याची सोय सेव्हन्समध्ये आहे. माणसे कमी आहेत म्हणून ती जागा रिकामी ठेवू नका, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. कन्व्हर्जनचे गुण दोनच, पण दोन्ही संघांच्या ट्राय सारख्याच असल्या तर सामना त्या दोनांवर जातो.

मुंबईत १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पिढ्यानपिढ्या रग्बी खेळली गेली. तिथल्या पंचांना हा खेळ पाहतच वाढायला मिळाले. आपण तो पुस्तकातून शिकलो. ती उणीव सरावाने भरता येईल. उद्या सकाळी मैदानावर सामना न ठेवता फक्त किका ठेवा: दोन्ही कडांवरून, समोरून, जवळून, लांबून. प्रत्येकाने आळीपाळीने दोन्ही खांबांमागे उभे राहावे, आणि तिसऱ्याने मैदानातून, मुख्य पंचाच्या जागेवरून, तीच किक कशी दिसली ते सांगावे. आणि बुटक्या खांबांचे म्हणाल, तर सळ्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. खांबांवर चार-पाच मीटर पाइप जोडून घेणे इथे अवघड नाही. तेही याच वर्षी करून घ्या.