वसतिगृहातील थोरला भाऊ



राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस जेवली. ती आपलेपणाची पंगत आज टिकवायची, तर प्रत्येक वसतिगृहात जबाबदार विद्यार्थी-प्रमुख हवा.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात मी दोन वर्षे हे काम केले. हजेरी घेणे सोपे. नवा मुलगा दोन दिवस जेवायला का आला नाही, हे हेरणे अवघड. त्याच्या घरची अडचण, पैशाची ओढ आपल्यापाशीच ठेवावी. परंतु कोणी त्याला छळत असेल, किंवा तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर ‘कोणाला सांगू नकोस’ ही त्याची शपथ पाळू नये. तत्काळ गृहप्रमुखांना कळवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी रॅगिंगला मनाई केली आहे. पण रात्री दोन वाजता नियम दार उघडत नाही, शेजारच्या खोलीतला मुलगाच उघडतो. मित्र रागावला तरी चालेल, तो वाचला पाहिजे.

पालकहो, मुलाला परगावी ठेवताना फीची चौकशी करता, तशी या थोरल्या भावाचीही करा.