शिकलेल्या पोरांनो, कागद वाचून दाखवा

(बार्शीटाकळी येथें मोफत आरोग्य शिबिराच्या प्रसंगीं विद्यार्थी व त्यांचे आईबाप यांच्यापुढें केलेलें भाषण)



मागें एका शिबिरांत एक म्हातारी आम्हांस भेटली. सकाळपासून उन्हांत उभी राहून तिनें तपासून घेतलें होतें. कागद आमच्यापुढें धरून ती म्हणाली, "डॉक्टरनं कागद देल्ला बाप्पा, पन त्यात काय लिवलं हाय, कोन सांगीन?" मांडवांत शिकलेलीं पोरें दहावीस होतीं. तीं खुर्च्या उचलीत होतीं, पाहुण्यांस हार आणून देत होतीं. कागद वाचून दाखवा, असें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें.

शेतकऱ्याला, सुताराला, कुंभाराला फुकट औषधही फुकट पडत नाहीं. दिवसाची मजुरी बुडते. ती बुडवून आलेला माणूस न कळलेला कागद घेऊन परतला, तर शिबिराचा उपयोग काय?

सुई टोचणें, गोळी सुचविणें हें विद्यार्थ्यांचें काम नव्हे. तें डॉक्टरांनींच करावें. विद्यार्थ्यांनीं आदल्या दिवशीं घरोघर सांगावें, जुने कागद बरोबर आणावयास लावावे, नांवें क्रमानें लिहावीं. पण खरें काम मांडव उठल्यावर आहे. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतें. परंतु तें साधारण सहा महिने घ्यावें लागतें. दोन महिन्यांत खोकला थांबला कीं माणूस गोळ्या सोडतो आणि रोग पुन्हां डोकें वर काढतो. तेथें शेजारच्या पोरानें आठवण द्यावी. कपाशीवर फवारणी करून आलेल्यास घाम सुटला, उलटी झाली, तर 'ऊन लागलें' म्हणून निजवूं नये. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरील नांव दाखवीत तडक दवाखान्यांत न्यावें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत अशा विषबाधेनें कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हें विसरूं नका.

१९६९ सालीं निघालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांस पहिल्याच वर्षीं खेड्यांत राहावयास नेतात आणि कांहीं कुटुंबें प्रत्येकाकडे सोंपवितात. परगांवच्या पोरांस जीं घरें ओळखून घ्यावीं लागतात, तशीं घरें आमच्या पोरांस जन्मापासून ठाऊक आहेत!

१८९७ सालीं पुण्याकडे प्लेग आला, तेव्हां डॉ. यशवंतराव फुले यांनीं हडपसरजवळच्या माळावर दवाखाना मांडला. सावित्रीबाईंनीं रोगी येण्याची वाट पाहिली नाहीं. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतलें आजारी पोर त्यांनीं पाठीवर घेऊन आणलें. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. रोग्याची जात विचारावयाची नाहीं व त्याच्या दारापर्यंत आपण जावयाचें, हा धडा त्यांनीं प्राण देऊन शिकविला.

आईबापांनो, मुलींनाही या कामीं पाठवा. बाया आपलें दुखणें पुरुषाला सांगत नाहींत. शिकलेल्या लेकीला सांगतील.

आणि पोरांनो, ज्या घरांनीं पोटाला चिमटा घेऊन तुम्हांस अक्षर शिकविलें, त्या घरांच्या हातांतला कागद तरी वाचून दाखवा. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.